गाणे वाचायला शिकवणारे ग्वीदो

मुलांनो, एखादे नवे गाणे तुम्ही कसे शिकता? आधी कोणीतरी गाऊन दाखवते. तुम्ही ऐकता आणि मागून म्हणता. दहा-पाच वेळा म्हटले, की ते पाठ होते. पण गाऊन दाखवणारे कोणी नसेल तर? एक हजार वर्षांपूर्वी युरोपातील चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांपुढे हीच अडचण होती. ती अडचण दूर करणाऱ्या शिक्षकाचे नाव ग्वीदो.

ग्वीदो यांचा जन्म इसवी सन ९९० च्या सुमारास झाला. थोर हकीम इब्न सिना यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते आणि ग्वीदो एकाच काळातले. ग्वीदो इटलीच्या पूर्व किनाऱ्याजवळील पोम्पोसा येथील ख्रिस्ती मठात राहत. त्या काळच्या मठांत आणि चर्चमध्ये रोज ठरलेल्या वेळी ईश्वराची स्तोत्रे गात असत. त्यासाठी लहान मुलांनाही तयार करावे लागे. ग्वीदो गाणे शिकवण्याचे काम करत.

स्तोत्रे शेकडो होती. निरनिराळ्या सणांची स्तोत्रेही निरनिराळी. शिक्षकांनी गावे आणि मुलांनी ऐकून पाठ करावे, अशी रीत होती. दहा-दहा वर्षे घालवूनही विद्यार्थ्यांचे शिक्षण अपुरेच राहते, हे ग्वीदोंनी पाहिले. न ऐकलेले स्तोत्र समोर आले, की त्यांना ते स्वतः गाता येत नसे.

मग तेव्हा चाली लिहीत नसत का? लिहीत, पण शब्दांवर फक्त लहान लहान खुणा करत. आवाज चढतो की उतरतो, एवढेच त्यांवरून कळे. किती चढतो, हे कळत नसे. तुम्ही उर्दू वाचता, म्हणून हे तुम्हाला चटकन समजेल. उर्दू लिहिताना आपण जेर, जबर, पेश बहुधा देत नाही. शब्द ओळखीचा असेल तर तो बरोबर वाचता येतो. अनोळखी असेल तर आपण अडखळतो. त्या खुणांचेही तसेच होते.

ग्वीदोंनी यावर उपाय शोधला. त्यांनी शब्दांवर समांतर आडव्या रेषा ओढल्या आणि खुणा त्या रेषांवर व त्यांच्यामधल्या जागेत लिहिल्या. एका स्वराची रेषा लाल, तर दुसऱ्या एका स्वराची पिवळी केली. रेषा ओढण्याचे प्रयत्न त्यांच्या आधीही झाले होते. पण त्यांनी त्यांना नीट पद्धतीचे रूप दिले. आता प्रत्येक स्वराची जागा डोळ्यांना दिसू लागली. ज्या शिक्षणाला दहा वर्षे पुरत नसत, ते एक-दोन वर्षांत होऊ लागले.

या यशाबद्दल शाबासकी मिळायला हवी होती; पण मठातील सहकाऱ्यांच्या मनात मत्सर उत्पन्न झाला. शेवटी ग्वीदोंना मठ सोडावा लागला. इसवी सन १०२५ च्या सुमारास ते आरेत्सो शहरात आले. तेथील बिशप थिओडाल्ड यांनी त्यांना आश्रय दिला आणि चर्चमधील गायकांचे शिक्षण त्यांच्यावर सोपवले. येथेच त्यांनी संगीतावर ‘मायक्रोलोगस’ हा ग्रंथ लिहिला.

त्यांची कीर्ती रोमपर्यंत पोहोचली. पोप एकोणिसावे जॉन यांनी त्यांना बोलावून घेतले. पोपनी त्यांचे पुस्तक चाळले, नियम समजून घेतले आणि पूर्वी कधी न ऐकलेली एक ओळ स्वतः गाऊन पाहिली. तेव्हा त्यांची खात्री पटली. रोमची दमट, उष्ण हवा ग्वीदोंना मानवली नाही, म्हणून ते परतले. पुढे पोम्पोसाच्या मठाधिपतींनीही त्यांची पद्धत मान्य केली आणि त्यांना परत येण्याचा आग्रह केला.

मुलांना स्वर लक्षात राहावेत, म्हणून ग्वीदोंनी आणखी एक युक्ती केली. एका स्तोत्राच्या सहा ओळी अशा होत्या, की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होई. त्या ओळींची पहिली अक्षरे त्यांनी स्वरांना दिली : उत, रे, मी, फा, सोल, ला. पुढे ‘उत’चे ‘दो’ झाले आणि सातवा स्वर जोडला गेला. आपल्याकडील सा, रे, ग, म ही नावे मात्र याहून पुष्कळ जुनी आहेत.

ही विद्या पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आली. तेथील चर्चच्या शाळांत मुले स्वर वाचायला शिकू लागली. विसाव्या शतकात गोव्याचे अनेक वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांपैकीच एक. जुन्या हिंदी चित्रपटांतील कितीतरी गाण्यांत अशा वादकांची व्हायोलिने ऐकू येतात. त्यांच्यापुढच्या कागदांवर रेषाच असत.

मुलांनो, ग्वीदोंनी मुलांना केवळ गाणी दिली नाहीत, तर गाणे वाचण्याची विद्या दिली. आपल्यावाचून विद्यार्थ्यांचे अडू नये, यासाठी ते झटले. आज मराठीचा धडा आधी शिक्षक वाचतात आणि तुम्ही मागून वाचता. पण एक दिवस, कोणीही वाचून न दाखवलेले मराठी पुस्तक तुम्ही स्वतः उघडाल आणि न अडखळता वाचाल. त्या दिवशी सर्वांत जास्त आनंद तुमच्या शिक्षकांना होईल.