सुडकोलीचे नारायणशास्त्री मराठे, अर्थात स्वामी केवलानंद सरस्वती

श्रीदेवस्थानच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका काढावयाचे ठरले तेव्हा देवळाची माहिती, देणगीदारांची यादी व जमाखर्च यांच्या जोडीला आपल्या मुलखातील एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, अशी सूचना बैठकीत आली. नावे पुष्कळ निघाली. सरखेल कान्होजी आंग्रे, शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके, गागोद्याचे विनोबा. ही सर्व मंडळी आपणांस शाळेच्या पुस्तकातून ठाऊक आहेत. परंतु देवळाच्या कामाशी ज्यांचे नाते अधिक जवळचे, आणि ज्यांचे नाव काशीपासून कलकत्त्यापर्यंतच्या पंडितांना माहीत होते पण आपल्याकडे थोड्यांनाच माहीत आहे, असे एक गृहस्थ अलिबाग तालुक्यातच जन्मले. त्यांचे चरित्र लिहिण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले, ते यथाशक्ती करीत आहे.

अलिबागहून रोह्याकडे जाताना सुडकोली हे गाव लागते. तेथे दिनांक 8 डिसेंबर 1877 रोजी नारायण सदाशिव मराठे यांचा जन्म झाला. जुन्या कागदांत जिल्ह्याचे नाव कुलाबा असे सापडेल. 1 जानेवारी 1981 पासून तो रायगड झाला. त्या काळी शास्त्रे शिकावयाची तर घाट चढून जावे लागे. सन 1895 मध्ये, अठरा वर्षांचे होण्याच्या सुमारास, नारायणराव वाईस गेले. कृष्णाकाठचे ते गाव विद्वानांचे म्हणून प्रसिद्ध होते. तेथे प्रज्ञानंद सरस्वती या संन्यासी गुरूंजवळ त्यांनी अध्ययन केले. पुढे काशीसही जाऊन त्यांनी शास्त्रांचे शिक्षण घेतले आणि पुन्हा वाईलाच येऊन राहिले. लग्न केले नाही. सारे आयुष्य शिकविण्यात घालविले.

गुरूंच्या नावावरून ओळखली जाणारी प्राज्ञपाठशाळा ही त्यांची संस्था. सन 1916 मध्ये तिला रीतसर स्वरूप आले, परंतु शास्त्रीबुवांचे शिकविणे त्याआधीपासूनच चालू होते. पाठशाळा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संथा घेणारे, माना हलवीत घोकणारे बटू उभे राहतात. घोकंपट्टीला मी नावे ठेवीत नाही. लेखनाची साधने नव्हती तेव्हा पाठांतरानेच वेद टिकले. पण नारायणशास्त्र्यांचा भर दुसरीकडे होता. त्यांचा खास विषय मीमांसा. म्हणजे शास्त्रातील वाक्याचा अर्थ कसा लावावा, याचे शास्त्र.

ते किती बारीक असते, याचा एक नमुना देतो. यज्ञप्रकरणी एका ठिकाणी कपिंजल पक्षी अर्पण करावेत असे सांगितले आहे. शब्द अनेकवचनी आहे, संख्या दिलेली नाही. मग किती? तीन, चार, की शंभर? मीमांसक म्हणतात, तीन. कारण संस्कृतात दोहोंसाठी निराळे द्विवचन असल्याने अनेकवचन तिनापासून सुरू होते. तिनांनी आज्ञा पुरी झाली, त्यापुढे जीव घेण्याला आधार नाही. दुसऱ्या एका ठिकाणी सोमरसाचे पात्र पुसावे असे एकवचनात म्हटले आहे. तेथे मात्र सर्वच पात्रे पुसावयाची, कारण पुसणे हे पात्रासाठी आहे आणि ते सगळ्या पात्रांना सारखेच लागू. एके ठिकाणी संख्येला धरून राहावयाचे, दुसरीकडे ती सोडावयाची, आणि दोन्ही वेळा कारण द्यावयाचे. आम्हा कचेरीत परिपत्रके वाचणारांना यात नवल वाटू नये. दोन आदेश एकमेकांशी जुळेनासे झाले की कोणता सामान्य, कोणता विशेष, हे आम्हीही पाहतोच. फरक एवढाच की, आम्ही साहेबांना विचारून मोकळे होतो.

मीमांसेच्या प्रत्येक अधिकरणात आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष आणि शेवटी सिद्धांत असा क्रम असतो. पूर्वपक्ष म्हणजे आपल्याला मान्य नसलेल्या मताची बाजू. ती दुबळी करून मांडावयाची नाही. विद्यार्थ्याला ती इतक्या जोरात मांडता आली पाहिजे की क्षणभर तीच खरी वाटावी. जुन्या मीमांसकांनी तर जगाचा कर्ता ईश्वर मानण्याचीही गरज नाही असे प्रतिपादन केले आहे, आणि तरीही त्यांचे दर्शन आस्तिक दर्शनांत गणले जाते. नारायणशास्त्र्यांचे विद्यार्थी हे सर्व शिकत. त्यामुळे श्रद्धा जाईल, अशी भीती शास्त्रीबुवांनी बाळगली नाही.

या पाठशाळेत सन 1917 मध्ये एक विद्यार्थी साबरमतीच्या आश्रमातून रजा घेऊन आला. तो आपलाच, पेण तालुक्यातील गागोद्याचा, विनायक नरहरी भावे. उपनिषदे, ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य, पातंजल योग यांचे अध्ययन विनोबांनी येथे केले. फावल्या वेळी विद्यार्थी गोळा करून ते लोकांचे दळण दळीत आणि त्या पैशातून वाचनालय चालवीत. कोकणातील एका गावचा गुरू, दुसऱ्या गावचा शिष्य, आणि भेट घाटावर! आपल्या मातीचा हा योग मला मोठा गोड वाटतो.

दुसरे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. मूळचे धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचे. चौदा वर्षांच्या सुमारास वाईस आले. 1932 मध्ये महात्माजी येरवड्याच्या तुरुंगात असताना अस्पृश्यतेला शास्त्राधार आहे काय, हा प्रश्न ऐरणीवर आला. सनातनी पंडित पोथ्या घेऊन उभे होते. त्यांना पोथीनेच उत्तर देणारा माणूस हवा होता. लक्ष्मणशास्त्री महात्माजींच्या बाजूने उभे राहिले. 1933 मध्ये पुण्यास देवदास गांधी व राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, त्याचे पौरोहित्य त्यांनीच केले. स्वतः गुरूंचाही कल सुधारणेकडे होता. शास्त्र वाचता न आल्यामुळे रूढीलाच शास्त्र म्हटले जाते, हे मीमांसकाला कोणी सांगावयास नको.

पुढे लक्ष्मणशास्त्री मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराकडे वळले व हिंदुधर्माची समीक्षा हे परखड पुस्तक त्यांनी लिहिले. धर्म शिकविणाऱ्या संस्थेचा पट्टशिष्य धर्माची चिकित्सा करतो म्हटल्यावर दुसऱ्या कोणी दार लावले असते. येथे तसे झाले नाही. पाठशाळेच्याच धर्मकोश या महाग्रंथाचे संपादन लक्ष्मणशास्त्री करीत राहिले. त्याचा पहिला भाग, व्यवहारकांडाचा, 1937 मध्ये निघाला. एकेका विषयावरील वचने वेदांपासून निबंधग्रंथांपर्यंत कालक्रमाने मांडावयाची, ही त्याची रीत. वाचणाराला दिसते की, नियम काळानुसार पालटत आले आहेत. या कल्पनेचे प्रवर्तक गुरूच.

मला हे चरित्र लिहावेसे वाटले त्याचे एक कारण सांगतो. सभामंडपालगत जी नवी खोली बांधली आहे, तेथे रविवारी मुलांचा वर्ग सुरू करण्याचा विचार चालू आहे. काहींचे म्हणणे, रामरक्षा व अथर्वशीर्ष पाठ करून घ्यावे, पुरे. काहींना वाटते, मुले प्रश्न विचारू लागली तर उत्तर कोण देणार? ही अडचण खरी आहे. आपल्यात शास्त्री कोणी नाही. पण पाठांतर झाल्यावर अर्थ सांगावा, एखादा मुलगा देव कशावरून म्हणाला तर त्याला गप्प करू नये, आणि येत नसेल ते पुढच्या रविवारी विचारून येऊन सांगावे, एवढे करावयास शास्त्री लागत नाही. आणि त्या खोलीत गावातल्या कोणत्याही घरचे मूल बसेल, हे आधी ठरावात लिहून घ्यावे. तोंडी ठेवू नये, असा माझा आग्रह आहे.

सन 1931 मध्ये नारायणशास्त्र्यांनी संन्यास घेतला व ते केवलानंद सरस्वती झाले. वस्त्र बदलले, दिनक्रम तोच राहिला. वैदिक ग्रंथांच्या विषयसूची तयार करणे, अद्वैतसिद्धीसारखा कठीण ग्रंथ मराठीत आणणे, असे उद्योग चालू होते. सर्वांत मोठे काम मीमांसाकोशाचे. जैमिनींच्या 12 अध्यायांवर शतकानुशतके जे लिहिले गेले, त्यातील शब्द, न्याय व अधिकरणे वर्णानुक्रमाने लावावयाची. पहिला खंड 1952 मध्ये बाहेर पडला, तेव्हा स्वामींनी पंचाहत्तरी गाठली होती. दिनांक 1 मार्च 1955 रोजी त्यांचे देहावसान झाले. हस्तलिखित मागे होते. पाठशाळेच्या मंडळींनी छपाई पुढे चालू ठेवली. सातवा व शेवटचा खंड 1966 मध्ये निघाला.