धूमकेतूंचा पारधी

शार्ल मेसिए यांचा जन्म १७३० साली आजच्या फ्रान्समधील लॉरेन प्रांतात झाला. अकराव्या वर्षीच ते पितृसुखास पारखे झाले. १७५१ साली ते पॅरिसला आले. अक्षर वळणदार असल्यामुळे त्यांना एका ज्योतिर्विदाकडे लेखनिकाचे काम मिळाले. तेथेच ते आकाशनिरीक्षण शिकले.

नवे धूमकेतू शोधून काढण्याचा त्यांना ध्यास लागला. दूरचा धूमकेतू दुर्बिणीतून धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. १७५८ च्या ऑगस्टमध्ये वृषभ राशीत त्यांना तसाच एक ठिपका दिसला. परंतु धूमकेतू ताऱ्यांमधून सरकत जातो. हा ठिपका मात्र जागचा हलेना. नजर फसली होती!

मेसिए खचले नाहीत. अशा फसव्या ठिपक्यांची स्थाने ते टिपून ठेवू लागले. १७८१ पर्यंत त्यांच्या यादीत १०३ नोंदी झाल्या. काय वगळावयाचे हे ठाऊक झाल्यामुळे शोधकाचे लक्ष भलतीकडे गुंतेनासे झाले. स्वतः मेसिए यांच्या नावावर १३ धूमकेतूंचा शोध जमा आहे. १८१७ साली त्यांचे निधन झाले.

त्यांनी बाजूस सारलेले ते ठिपके म्हणजे तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दूरदूरच्या दीर्घिका होत, हे पुढे कळले. आज खगोलप्रेमी तीच यादी हाती घेऊन ते ठिपके आवर्जून शोधतात.