कुर्त हान आणि सेवेचे पदक

गावच्या शाळेत बक्षीस समारंभ होतो तेव्हा एक गोष्ट आमच्या नेहमी दृष्टीस पडते. पहिल्या आलेल्या मुलाचे नाव पुकारले म्हणजे उरलेल्या मुलांच्या माना खाली जातात. एकास मिळाले म्हणजे दुसऱ्याचे गेले, असा बहुतेक बक्षिसांचा स्वभावच आहे. परंतु जे कोणापासून हिरावून घ्यावे लागत नाही, आणि शेजाऱ्याची सेवा केल्यावाचून जे मिळतच नाही, असेही एक पदक जगात आहे. ते ज्यांच्या विचारांतून निघाले त्या कुर्त हान नावाच्या शिक्षकाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

हान यांचा जन्म ५ जून १८८६ रोजी बर्लिन शहरी एका सधन यहूदी घराण्यात झाला. ऐन तारुण्यात त्यांस उन्हाचा असा तडाखा बसला की पुढे जन्मभर त्यांस ऊन सोसवले नाही. रुंद काठाची टोपी ही त्यांची ओळखच होऊन बसली. देहाच्या दुबळेपणाची त्यांस अशी स्वानुभवाने ओळख होती. म्हणूनच की काय, जो मुलगा खेळात वा अभ्यासात मागे पडतो त्याच्याही अंगी काही सामर्थ्य दडलेले असते, ही खूणगाठ त्यांनी मनाशी बांधली.

पहिले महायुद्ध संपल्यावर १९२० साली, जर्मन साम्राज्याचे अखेरचे मुख्य प्रधान प्रिन्स माक्स यांच्या आश्रयाने, झालेम येथील जुन्या मठाच्या इमारतीत त्यांनी शाळा काढली. केवळ पाठांतराने नव्हे, तर जबाबदारी अंगावर पडल्याने मूल घडते, असे त्या शाळेचे धोरण होते.

पुढे कसोटीचा प्रसंग आला. ऑगस्ट १९३२ मध्ये पोटेम्पा नामक खेड्यात हिटलरच्या अनुयायांनी एका मजुरास त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत ठार मारले, आणि हिटलरने त्या खुन्यांची जाहीरपणे पाठ राखली. त्या काळी जर्मनीतील हजारो तरुण त्या पक्षाचे चिन्ह अभिमानाने अंगावर मिरवीत होते. त्यांत झालेमचे माजी विद्यार्थीही होते. हान यांनी अशा सर्वांस पत्रे धाडून कळविले की, एक तर हिटलरशी संबंध तोडा, नाही तर शाळेशी तोडा. गप्प राहिले असते तर शाळा राहिली असती. बोलले म्हणून शाळा गेली. मार्च १९३३ मध्ये त्यांस तुरुंगात टाकण्यात आले. ब्रिटनचे मुख्य प्रधान रॅमसे मॅकडोनल्ड यांनी रदबदली केली तेव्हा त्यांची सुटका झाली, आणि त्याच वर्षी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांस परमुलखात नव्याने आरंभ करावा लागला.

स्कॉटलंडच्या समुद्रकाठी गॉर्डनस्टन येथे १९३४ साली त्यांनी दुसरी शाळा उघडली. तेथील मुले वादळी रात्री किनाऱ्यावर पहारा करीत, संकटात सापडलेल्या गलबतांवर नजर ठेवीत. परंतु शाळेचा लाभ थोड्यांसच मिळतो, ही खंत हान यांस होती. म्हणून १९३६ मध्ये त्यांनी आसपासच्या परगण्यातील मुलांसाठीही एक बिल्ला ठरविला. अंगकसरत, खडतर प्रवास आणि परोपयोगी पडण्याची तयारी या मार्गांनी तो मिळवावयाचा असे. चिन्ह मिरविण्याची तरुणांची हौस द्वेषाच्या कामी कशी लावता येते हे त्यांनी जर्मनीत पाहिले होते. तीच हौस दयेच्या कामी लावण्याचा हा यत्न होय, असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांवरील तरुण खलाशी होड्यांत लवकर धीर सोडतात, अशी जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांची समजूत झाली होती. त्यांच्या साह्याने १९४१ साली वेल्समधील अ‍ॅबरडव्ही येथे तरुणांचा धीर वाढविणारे शिक्षण सुरू झाले. १९४५ साली हान यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चांगल्या शोमरोन्याचा दाखला त्यांस फार प्रिय होता. वाटेत पडलेल्यास पाहून जो थांबतो, तोच त्यांच्या मते शिकलेला मनुष्य.

त्यांचे जुने विद्यार्थी प्रिन्स फिलिप यांच्यामागे त्यांनी लकडा लावला, आणि १९५६ साली ड्यूक ऑफ एडिंबरो पदकाची योजना सुरू झाली. एव्हरेस्टवरील १९५३ च्या यशस्वी मोहिमेचे नायक जॉन हंट हे तिचे पहिले संचालक. आरंभी ती केवळ मुलांसाठी होती. पुढे मुलींसही खुली झाली. कांस्य, रौप्य व सुवर्ण अशा तीन पायऱ्या आहेत. चढाओढ कोणाशीच नाही. प्रत्येकाने आपले ध्येय आपणच ठरवावयाचे आणि ते पुरे करावयाचे. सुवर्णपदक पाहिजे असेल तर बारा महिने सेवा घडली पाहिजे. एक दिवस झाडू धरून छायाचित्र काढून घेतल्याने ते मिळत नाही. भारतात ही योजना १९६२ पासून आहे, आणि आज ती शंभराहून अधिक देशांत चालते. हान यांच्याच विचारांतून १९६२ साली वेल्समध्ये अटलांटिक महाविद्यालय निघाले. त्याच परंपरेतील एक महाविद्यालय १९९७ पासून पुण्याजवळ मुळशीच्या खोऱ्यात आहे.

१४ डिसेंबर १९७४ रोजी झालेमजवळ हान यांचे देहावसान झाले. ज्या भूमीने त्यांस घालवून दिले, तीतच ते विसावले.

प्रिय वाचकहो, आपल्या गावातील तरुणांस पदक मिळो वा न मिळो. परंतु एखाद्या आंधळ्या म्हातारीचे पाणी भरावयास जो मुलगा आठवड्यातून एकदा, असा वर्षभर न चुकता जाईल, त्याची मान कोणत्याही समारंभात खाली जाणार नाही. आणि त्याच्यामुळे दुसऱ्या कोणाची मानही खाली जाणार नाही.