बॅगवाला पिचर : सॅचेल पेज

आपण क्रिकेट खेळतो तसा अमेरिकेत बेसबॉल खेळतात. त्यातल्या गोलंदाजाला पिचर म्हणतात. तो टप्पा पाडत नाही. मातीच्या उंचवट्यावरून चेंडू थेट फेकतो, झाडावरच्या कैरीला दगड मारावा तसा. आपल्याकडे पंच लगेच नो बॉल देतील!

अशाच एका पिचरची ही हकिकत. लिरॉय पेज याचा जन्म ७ जुलै १९०६ रोजी अलाबामा राज्यातील मोबील शहरी झाला. बारा भावंडांतला हा सातवा. आई लोकांचे कपडे धुवायची. लहानपणी तो रेल्वे स्टेशनवर उतारूंच्या बॅगा उचलायचा. म्हणून नाव पडले सॅचेल, म्हणजे हातातली बॅग. बाराव्या वर्षी चोरी केली म्हणून त्याला सुधारगृहात ठेवले. पाच वर्षे गेली, पण चेंडू नीट कसा फेकायचा हे तो तिथेच शिकला.

१९२६ साली तो पैसे घेऊन खेळू लागला. त्याचा चेंडू म्हणजे बंदुकीची गोळी! कधी कधी तो मागच्या क्षेत्ररक्षकांना सरळ खाली बसवायचा आणि एकटा फलंदाजांना बाद करायचा. पण पेज काळा होता. मोठ्या संघांत तेव्हा फक्त गोरे खेळत. काळ्यांचे संघ वेगळे, स्पर्धा वेगळ्या. गावोगाव सामने खेळत हिंडायचे, पण पुष्कळ हॉटेलांत त्यांना जेवायला वा राहायला मिळत नसे. मग काय, मोटारीतच झोपायचे. हे वाचून मला फार राग आला. इतका चांगला खेळाडू, आणि दार बंद कशाला तर कातडीच्या रंगाला!

१९३८ मध्ये मेक्सिकोत त्याचा हात दुखावला. खांदा वर होईना. सगळे म्हणाले, संपला. पण कॅन्सस सिटीच्या मोनार्क्स संघाने त्याला ठेवून घेतले. हात बरा झाला आणि १९४२ साली त्याच संघाने काळ्यांच्या स्पर्धेतले अजिंक्यपद मिळवले.

१९४७ साली जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला ब्रुकलिनच्या मोठ्या संघाने घेतले, तेव्हा कुठे दार उघडले. पुढच्या वर्षी क्लीव्हलँड संघाने पेजला घेतले, तेसुद्धा नेमके त्याच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी. या वयात बाकीचे घरी बसतात, हा नवशिक्या म्हणून आला! त्या मोसमात त्याने सहा सामने जिंकले, एकच हरला. ऑगस्टमध्ये त्याला बघायला एका सामन्याला ७८,३८२ माणसे आली. त्या वर्षीचे अजिंक्यपद क्लीव्हलँडने पटकावले.

त्याच्या वयावर कोणाचा विश्वास बसत नसे. तो सांगायचा, जन्मतारखेचा कागद बायबलात ठेवला होता, तो बकरीने खाल्ला. बकरीचा स्वभाव आपल्याला माहीत आहेच!

२५ सप्टेंबर १९६५ रोजी एकोणसाठाव्या वर्षी तो बोस्टनविरुद्ध पुन्हा उतरला. मालकाने गंमत म्हणून मैदानाशेजारी त्याला झुलती खुर्ची आणि नर्स दिली होती. पेजने तीन डाव टाकले, एकही धाव दिली नाही. गंमत करणारे गप्प.

१९७१ साली बेसबॉलच्या मानाच्या दालनात त्याचे नाव लागायचे ठरले. पण कुठे? काळ्यांसाठी वेगळ्या कोपऱ्यात! लोकांनी ओरड केली, मग त्याला सर्वांच्या बरोबरीने जागा मिळाली. ८ जून १९८२ रोजी तो वारला. काळ्यांच्या संघांत त्याने टाकलेले चेंडू मात्र मोठ्या बेसबॉलच्या हिशेबात धरत नव्हते. ते आकडे अधिकृत वहीत चढले २०२४ साली.