पाचांतला एक : एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी

८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाईदल कायद्याने अस्तित्वात आले. २०२२ साली त्याची नव्वद वर्षे पूर्ण झाली. ज्या दिवशी हे दल जन्मास आले, त्याच दिवशी इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या विद्यालयात शिकलेल्या मूठभर हिंदी तरुणांना अधिकारपदे मिळाली. एकवीस वर्षांचे सुब्रतो मुखर्जी हे त्यांपैकी एक होत.

त्यांचा जन्म कलकत्त्यास ५ मार्च १९११ रोजी झाला. वडील सनदी नोकरीत होते. भगिनी रेणुका राय पुढे संसदेच्या सभासद झाल्या. अशा सुखवस्तू घरातील मुलाने सुरक्षित मार्ग सोडून विमानाचा ध्यास घ्यावा, हे त्या काळी नवलच होते.

१ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे पहिली तुकडी उभी राहिली. वापिटी जातीची चार जुनी द्विपंखी विमाने, पाच हिंदी वैमानिक आणि थोडे हवाई शिपाई, एवढाच तिचा संसार! वैमानिक उघड्या जागी वाऱ्याच्या माऱ्यात बसे. थोड्याच काळात पाचांपैकी दोघे अपघातात मृत्युमुखी पडले, एकाची नोकरी सुटली. मुखर्जी आणि अवान एवढे दोघेच मागे राहिले. पुढे फाळणीनंतर अवान पाकिस्तानात गेले आणि भारताच्या हवाईदलात त्या पाचांतले मुखर्जी एकटेच उरले.

हिंदी माणसाच्या हाती विमान द्यावे की नाही, याविषयी राज्यकर्त्यांच्या मनात शंका होती. मुखर्जींनी तिला वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत काम करूनच उत्तर दिले. १९३९ मध्ये ते पहिल्या तुकडीचे प्रमुख झाले. तुकडीचे नेतृत्व करणारे ते पहिलेच हिंदी अधिकारी. १९४३ मध्ये कोहाटचा तळही त्यांच्या हाती आला. १९३९ सालीच शारदा पंडित या महाराष्ट्रीय घराण्यातील कन्येशी त्यांचा विवाह झाला. या शारदाबाई पुढे आंध्र व गुजरातच्या राज्यपाल झाल्या.

स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे हवाईदलाचे प्रमुखपद ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच होते. मुखर्जी प्रथम उपप्रमुखाच्या जागी राहून कामे शिकत राहिले. मला त्यांच्या चरित्रातील हा काळ सर्वांत मोठा वाटतो. कारण या वर्षांचे कोणी पोवाडे गात नाही. १ एप्रिल १९५४ रोजी, म्हणजे पहिल्या तुकडीस बरोबर एकवीस वर्षे झाली त्या दिवशी, ते सरसेनापती झाले. त्यांच्या कारकिर्दीत कॅनबेरा, हंटर, मिस्टेअर, नॅट ही जेट विमाने दलात आली. डिसेंबर १९६१ मध्ये दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकणारी कॅनबेरा विमाने त्यांच्याच काळात घेतलेली होती. गोव्याची मुक्ती पाहण्यास ते मात्र उरले नव्हते.

८ नोव्हेंबर १९६० रोजी टोकियो येथे जेवताना घास श्वासनलिकेत अडकून त्यांचा अंत झाला. वय अवघे एकोणपन्नास! वापिटीच्या उघड्या बैठकीत जो वाचला, त्याला असे मरण यावे!

शाळांतील मुलांसाठी अखिल भारतीय फुटबॉल सामने व्हावेत, अशी त्यांची फार इच्छा होती. ते सामने १९६० साली दिल्लीत सुरू झाले आणि त्यांस त्यांचेच नाव मिळाले. सायंकाळी आपल्या मैदानावर जे विद्यार्थी धूळ उडवितात, त्यांना सुब्रतो चषक ठाऊक आहे. सुब्रतो कोण, असे मात्र परवा एकाने मला विचारले.