जवळच्या वाटेचा शोधक : एड्सगर डायक्स्ट्रा



परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो : आता पुढे काय? डॉक्टर, इंजिनिअर, वकील, शिक्षक ही नावे सर्वांच्या ओळखीची. मुलाने वा मुलीने एखाद्या अनोळखी विषयाचे नाव काढले, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. शिकून पोटापाण्याचे काय होणार, ही काळजी त्यांना वाटणे स्वाभाविकच आहे. म्हणूनच आज तुम्हांला अशा एका शास्त्रज्ञाची जीवनकथा सांगावयाची आहे, की ज्याच्या व्यवसायाला त्याच्या लग्नाच्या दिवशी सरकारदफ्तरी नावच नव्हते. हे शास्त्रज्ञ म्हणजे एड्सगर डायक्स्ट्रा. त्यांचे नाव तुम्ही कदाचित ऐकले नसेल. परंतु तुम्ही परगावच्या नातेवाइकाला मोबाइलवरून निरोप पाठवता, तेव्हा त्या निरोपाला वाट दाखवण्याच्या कामी त्यांनी शोधलेली रीत कोठे ना कोठे उपयोगी पडलेली असण्याचा फार संभव आहे.

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम या बंदराच्या शहरी झाला. चार भावंडांतले ते तिसरे. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक. आई गणितात पारंगत. तिने नोकरी कधी केली नाही, पण घरातल्या मुलाला तिची विद्वत्ता लाभली. त्रिकोणमिती अवघड असते काय, असे मुलाने विचारले तेव्हा सूत्रे नीट जाणून घे, आणि उत्तराला पाच ओळींहून अधिक लागू लागल्या तर आपली वाट चुकली असे समज, असा सल्ला तिने दिला. हा सल्ला मुलाने जन्मभर सांभाळला.

बालपण मात्र सुखाचे गेले नाही. १९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या. एड्सगरला दहावे वर्ष पुरे होऊन तीनच दिवस झाले होते, तोच १४ मे रोजी बॉम्बवर्षावात रॉटरडॅम शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. पुढची पाच वर्षे देश परक्यांच्या ताब्यात होता. अशा दिवसांतही त्यांचे शालेय शिक्षण चालू राहिले. युद्ध संपल्यावर कायद्याचा अभ्यास करून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे, असे त्या मुलाच्या मनात होते. पण शास्त्रविषयांत त्याला उत्तम गुण मिळाले, आणि तो लायडन विद्यापीठात गणित व पदार्थविज्ञान शिकू लागला.

आता पहा, आयुष्याला वळण कसे मिळते ते. १९५१ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे संगणकाला कामाच्या आज्ञा कशा लिहून द्याव्यात, याचा तीन आठवड्यांचा वर्ग भरणार होता. त्याची जाहिरात वडिलांच्या पाहण्यात आली आणि त्यांनी मुलाला तेथे धाडले. त्या काळी साऱ्या जगात संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. या विद्येवर उद्या नोकरी मिळेल, अशी हमी कोण देणार? तरीही एका शिक्षक बापाने मुलासमोरचे दार उघडून दिले, ही गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१९५२ च्या मार्चमध्ये ॲमस्टरडॅमच्या गणित संस्थेत डायक्स्ट्रा प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले. हॉलंडमधले ते पहिले प्रोग्रॅमर मानले जातात. पण मनाची ओढाताण थांबेना. पदार्थविज्ञान हे प्रतिष्ठित शास्त्र. प्रोग्रॅमिंगला ना शास्त्राचा मान, ना पाठ्यपुस्तक. संस्थेतील त्यांचे वरिष्ठ आद्रियान व्हान वाइनगार्डन यांच्यापाशी त्यांनी आपली शंका बोलून दाखवली. संगणक आता जगातून जाणार नाहीत, आणि या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत कदाचित तुम्हीही असाल, असे त्या जाणत्या माणसाने त्यांना समजावले. डायक्स्ट्रा त्या खोलीतून बाहेर पडले ते निर्णय करूनच. १९५७ साली सहकारी रिया डेबेट्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नोंदणीच्या कागदावर त्यांनी आपला व्यवसाय प्रोग्रॅमर असा लिहिला, तर असा व्यवसायच नाही, म्हणून नगरपालिकेने तो नाकारला! अखेर तेथे पदार्थवैज्ञानिक असे लिहावे लागले.

ज्या शोधामुळे त्यांचे नाव अजरामर झाले, तो त्याच्या आदल्याच वर्षीचा, म्हणजे १९५६ चा. संस्थेत आर्मॅक नावाचा नवा संगणक तयार झाला होता आणि उद्घाटनाला येणाऱ्या सामान्य पाहुण्यांना त्याची करामत दाखवावयाची होती. प्रश्न सर्वांना कळेल असा हवा होता. डायक्स्ट्रा यांनी निवडला तो असा : रॉटरडॅमहून ग्रोनिंगन शहरी जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता कोणता? त्यासाठी ६४ गावांचा नकाशा घेतला. एके दिवशी नियोजित वधूबरोबर खरेदी करून थकल्यावर दोघे ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत कॉफी घेण्यास बसले असता, अवघ्या वीस मिनिटांत त्यांना या प्रश्नाची रीत सुचली. जवळ ना कागद, ना पेन्सिल. त्यामुळेच रीत गुंतागुंतीची न होता सुटसुटीत राहिली, असे ते पुढे सांगत.

ती रीत तुम्हीही सहज समजून घेऊ शकाल. अ, ब, क, ड अशी चार गावे आहेत. अ पासून ब ४ मैल, अ पासून क २ मैल, क पासून ब १ मैल, ब पासून ड ५ मैल, तर क पासून ड ८ मैल. तुम्हांला अ हून ड ला जावयाचे आहे. प्रथम अ च्या शेजाऱ्यांकडे पहा. सर्वांत जवळचे क, अंतर २. ते पक्के करा. क मार्गे ब चे अंतर ३ होते, म्हणजे सरळ रस्त्याच्या ४ हून कमी. तर ड चे अंतर १० होते. उरलेल्यांत आता ब जवळचे. त्याचे ३ पक्के करा. ब मार्गे ड चे अंतर ८ भरते. १० खोडून ८ लिहा. उत्तर मिळाले : अ, क, ब, ड, एकूण ८ मैल. दर वेळी उरलेल्यांतले सर्वांत जवळचे गाव पक्के करावयाचे, एवढेच सूत्र. कोणताही रस्ता शून्याहून कमी लांबीचा नसतो. म्हणून दूरच्या गावावरून फिरून आल्याने हे पक्के केलेले अंतर कधीच कमी होणार नाही. अशा पायरीपायरीच्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात. नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रंथरचना करणाऱ्या मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरूनच तो शब्द आला, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

हा शोध तीन वर्षे छापलाही गेला नाही. अखेर १९५९ साली एका जर्मन गणित-नियतकालिकात तो अवघ्या तीन पानांत प्रसिद्ध झाला. त्या तीन पानांचे पुढे काय झाले ते आता ऐका.

१९६९ साली अमेरिकेत आर्पानेट नावाचे संगणकांचे जाळे सुरू झाले. आजच्या इंटरनेटचा हा पूर्वज. या जाळ्यात नाक्यानाक्यावर एक यंत्र असे. त्याला आज आपण राउटर म्हणतो. आलेला निरोप पुढे कोणत्या तारेने धाडावा, हे त्याने ठरवावयाचे. आरंभी प्रत्येक यंत्र शेजाऱ्याने सांगितलेल्या अंतरांवर भिस्त ठेवी. ही ऐकीव माहिती पसरण्यास वेळ लागे, आणि एखादी तार तुटली की निरोप गोल गोल फिरत राही. १९७९ साली ही पद्धत बदलण्यात आली. नव्या व्यवस्थेत प्रत्येक यंत्र स्वतःच्या तारांची खरी स्थिती तेवढी सर्वांना कळवू लागले. या बातम्या जुळवून प्रत्येकाजवळ साऱ्या जाळ्याचा एकच नकाशा तयार होई, आणि त्यावर जो तो डायक्स्ट्रा यांची रीत चालवून स्वतःपासूनच्या जवळच्या वाटा काढी. मात्र बातमी खरी हवी. २७ ऑक्टोबर १९८० रोजी यंत्रातल्या बिघाडाने काही बातम्यांचे अनुक्रमांक विकृत झाले आणि त्या सर्वत्र पसरल्या. त्यांतली नवी कोणती नि जुनी कोणती हे कोणत्याच यंत्राला ठरवता येईना, आणि सारे आर्पानेट काही तास ठप्प झाले. रीत अचूक होती. खोटी ठरली ती बातमी.

जाळी वाढत गेली तशी दुसरी अडचण आली. हजारो तारांचा नकाशा प्रत्येकाने बाळगावा तरी कसा? एका टोकाला एखादी तार तुटली, की दुसऱ्या टोकाच्या यंत्रानेही सारा हिशेब पुन्हा मांडावयाचा काय? म्हणून मोठ्या जाळ्याचे विभाग पाडण्याची युक्ती निघाली. ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट या नावाच्या नियमावलीत ती आहे. ही नियमावली १९८९ साली प्रथम प्रसिद्ध झाली आणि तिचा १९९८ चा सुधारित मसुदा जॉन मॉय यांनी लिहिला. तिच्या नावातच जवळची वाट आहे, आणि पोटात डायक्स्ट्रा यांची रीत.

यात प्रत्येक राउटरजवळ आपल्याच विभागाचा पूर्ण नकाशा असतो. सर्व विभागांना जोडणारा मधला विभाग म्हणजे जाळ्याचा कणा. विभाग व कणा यांच्या सीमेवरच्या राउटरजवळ दोन्हींकडचे नकाशे असतात आणि तो प्रत्येक नकाशाचा हिशेब वेगळा करतो. पलीकडचा नकाशा तो अलीकडे देत नाही. अमुक ठिकाण माझ्यापासून इतक्या अंतरावर आहे, एवढेच कळवतो. समजा, तुमच्या विभागाच्या सीमेवर प आणि फ असे दोन राउटर आहेत. तुमच्यापासून प ३ वर आहे आणि त्याच्यापासून मुक्काम १० वर, एकूण १३. फ तुमच्यापासून ५ वर, म्हणजे अधिक दूर, पण त्याच्यापासून मुक्काम ६ वरच, एकूण ११. तुम्ही फ कडे जाल. फ च्या पलीकडे कोणती वळणे आहेत हे तुम्हांला ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. दोन ठिकाणे एकाच विभागात असतील, तर बाहेरून जाणारी वाट जवळची असली तरी नियमाने आतलीच वाट धरली जाते. काही थोड्या लांबच्या वाटा पत्करून माणसाने अवाढव्य जाळे आवाक्यात आणले.

विभागांची ही योजना डायक्स्ट्रा यांची नव्हे. ती पुढच्या मंडळींनी केली. पण मोठे काम असे वाटून घ्यावे, की त्याचा एकेक भाग स्वतंत्रपणे समजावा, ही शिकवण त्यांनीही आयुष्यभर दिली. १९६२ पासून आइंडहोव्हनच्या तांत्रिक विद्यापीठात ते प्राध्यापक होते. तेथे त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह संगणकाची कार्यप्रणाली एकावर एक थर रचून बांधली. १९७२ साली त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ ते १९९९ ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात शिकवीत. संगणकाचा हा आचार्य आपले लेख फाउंटन पेनने, सुवाच्य अक्षरांत लिहीत असे. अशी १३०० हून अधिक टिपणे त्यांनी मागे ठेवली. ६ ऑगस्ट २००२ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, हॉलंडमधील न्युनेन गावी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ज्या व्यवसायाला नगरपालिकेच्या वहीत जागा नव्हती, त्यावर तोपर्यंत जगभर लक्षावधी घरे चालू लागली होती.

विद्यार्थी मित्रांनो, वीस मिनिटांत शोध लागला म्हणून यश सोपे समजू नका. त्या वीस मिनिटांमागे आईचा सल्ला होता, चार वर्षांचे प्रोग्रॅमिंग होते आणि नेटके विचार करण्याची सवय होती. जवळची वाट शोधणाऱ्या या माणसाने स्वतः कष्ट चुकवणारी वाट कधी धरली नाही.

आणि पालकहो, तुमचे मूल उद्या एखाद्या अनोळखी विद्येचे नाव घेईल. तिचा नकाशा तुमच्यापाशी नसेल. म्हणून लगेच नकार देऊ नका, आणि डोळे मिटून होकारही देऊ नका. त्या विद्येच्या सीमेवर उभा असलेला, दोन्हींकडची माहिती असलेला एखादा जाणता शिक्षक गाठा आणि मुक्काम किती दूर आहे, ते त्याला विचारा. तो खरे सांगणारा असेल, तर पुढची सारी वळणे तुम्हांला दिसलीच पाहिजेत असे नाही. डायक्स्ट्रा यांच्या वडिलांनाही ती दिसली नव्हती. त्यांनी मुलाला केंब्रिजला तेवढे धाडले.