दातांवरचे डाग, आखडलेले बैल आणि विहिरीचं पाणी : कोण होते डॉ. चिं. गो. पंडित?

रोज ब्रश करूनही एखाद्या गावातल्या बहुतेक मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग का दिसतात? भारतात या प्रश्नाचा माग काढणाऱ्यांपैकी एक होते डॉ. चिंतामण गोविंद पंडित.

१८९५ साली जन्मलेले पंडित मद्रासच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करत होते. त्या काळात नेल्लोर जिल्ह्यात शेतकऱ्यांचे बैल आखडू लागले होते, त्यांना चालता येईना. पुढे माणसांच्याही पाठी ताठ झाल्या. १९३७ मध्ये एच. ई. शॉर्ट, पंडित आणि राघवाचारी यांनी कारण मांडलं : पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड. दातांवरच्या डागांमागे फ्लोराइड असल्याचं अमेरिकेत १९३१ मध्येच कळलं होतं. हेच पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडंही निकामी होतात, हे नेल्लोरने दाखवलं.

डाग पडतात कसे?

दाताचं कवच, म्हणजे इनॅमल, दात हिरडीच्या आत असतानाच तयार होतं. पेशी आधी प्रथिनांचा सांगाडा रचतात, मग तो काढून तिथे खनिजं भरतात. जास्तीच्या फ्लोराइडमुळे हे काम अर्धवट राहतं आणि कवच सच्छिद्र होतं. दात बाहेर आला की या पेशी उरत नाहीत. त्यामुळे बिघाड आपोआप भरून निघत नाही.

एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या दोन मुलांचे दात मात्र वेगळे दिसू शकतात. वय, आहार आणि जनुकं यांचा त्यात वाटा असतो. जनुक न बदलता ते चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे एपिजेनेटिक्सचा, यात किती हात आहे, याचाही आता अभ्यास होतोय.

पुढे काय झालं?

पंडित आयसीएमआरचे पहिले संचालक झाले. त्यांच्याच कार्यकाळात, १९५२ मध्ये, पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं. तीच आजची एनआयव्ही. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. १९९१ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्याला याचं काय?

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडमधल्या अनेक गावांत हा प्रश्न आजही आहे. ठाणे, कल्याण-डोंबिवलीत नळाला मुख्यतः नदी-धरणाचं पाणी येतं. पण सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी पीत असाल, तर ते तपासून घ्या. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर कमाल १.५. आणि लक्षात ठेवा, पाणी उकळून फ्लोराइड जात नाही.